१२३४५६७८९८७६५४३२१ : नऊ एकांचा वर्ग आणि दहाव्या एकापाशी बदलणारा क्रम

उतरंड (प्रश्न)

नमस्कार. पुढील मांडणी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वहीत कधी ना कधी करून पाहिली असेल.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

याच रीतीने पुढे गेल्यावर नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. सतरा अंकी, दोन्ही बाजूंनी सारखी वाचली जाणारी, एकापासून नऊपर्यंत चढून पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या मला फार दिवसांपासून खुणावते आहे. दहा एकांचा वर्ग हाताने काढला, तेव्हा मात्र उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे आले. सातनंतर एकदम नऊ, मग दोन शून्ये, आणि त्यानंतर पुन्हा नऊपासून एकापर्यंत सरळ उतार. गुणाकार उलटसुलट तपासला आणि तो बरोबर आहे.

माझे प्रश्न असे आहेत. नऊपर्यंत हा क्रम नेमका कशामुळे टिकतो? दहाव्या पायरीवर तो पूर्णपणे नाहीसा होतो, की त्यामागे दुसरा एखादा नियम शिल्लक राहतो? आणि या सतरा अंकी संख्येचे, दिसण्यापलीकडचे, गणिती गुणधर्म कोणते? शिवाय एक व्यावहारिक शंका आहे. एक्सेलमध्ये =१११११११११*१११११११११ असे सूत्र दिले, तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसते. शेवटचे दोन अंक असे का येतात?

---

हातचा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उभ्या गुणाकाराच्या मांडणीतच आहे. ती मांडणी एकदा सावकाश डोळ्यांखालून घालावी. ११११ ला ११११ ने गुणताना आपण ११११ हीच संख्या चार वेळा लिहितो आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकतो.

या मांडणीत तयार होणाऱ्या सात घरांपैकी एककाच्या घरात फक्त पहिल्या ओळीतला एक १ येतो. दशकाच्या घरात दोन ओळींतले दोन १ येतात, शतकाच्या घरात तीन, हजाराच्या घरात चार. त्यानंतर पहिली ओळ संपलेली असल्यामुळे पुढच्या घरात तीनच उरतात, मग दोन, मग एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक त्या स्तंभात किती १ जमले याची मोजदाद आहे, आणि उत्तर ४ पर्यंत चढून उतरते, कारण सर्वांत उंच स्तंभात चारच १ असतात. नऊ एकांच्या बाबतीत सर्वांत उंच स्तंभ नऊचा असतो. नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक, म्हणून तिथपर्यंत एकदाही हातचा घ्यावा लागत नाही आणि स्तंभांची उंची जशीच्या तशी वाचता येते.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा १ जमतात. तिथे ० लिहून १ हातचा आला. तो डावीकडच्या घरात गेला, जिथे आधीच ९ होते. त्यांचे १० झाले, म्हणून तिथेही ० आणि पुन्हा १ हातचा. तो त्यापुढच्या ८ मध्ये मिळाला आणि तिथे ९ झाले. इथे साखळी थांबली. आपल्या उत्तरात सातनंतर ९, मग दोन शून्ये दिसतात, ती याच दोन हातच्यांची खूण आहे. आठ हा अंक डाव्या बाजूला गळाल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात तो तिथेच आहे, फक्त त्यात एक मिळाला आहे. उजव्या बाजूला हातचा पोहोचतच नाही, म्हणून तिथला उतार अबाधित राहतो.

याचा पडताळा अंकांच्या बेरजेनेही घेता येतो. नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज १ + २ + … + ९ + … + २ + १ = ८१, म्हणजे ९ × ९, कारण मांडणीत एकूण ८१ एक लिहिलेले असतात. दहा एकांच्या मांडणीत १०० एक असतात. परंतु प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातले दहा जाऊन शेजारी एक येतो आणि अंकांची बेरीज ९ ने घटते. दोन हातचे म्हणजे १८ ची घट, आणि आपल्या उत्तरातील अंकांची बेरीज खरोखरच ८२ आहे.

यावरून हेही स्पष्ट होते की नऊ ही मर्यादा आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आली आहे. संगणकक्षेत्रात वापरतात त्या सोळाच्या पद्धतीत हीच मांडणी केली, तर क्रम पंधरा एकांपर्यंत टिकतो.

एक्सेलची गोष्ट वेगळी आहे. तो कोणत्याही संख्येचे पंधराच सार्थ अंक दाखवतो आणि पुढची घरे शून्यांनी भरतो. आतल्या साठवणुकीलाही मर्यादा आहे. प्रचलित ६४ बिटांच्या द्विमान (फ्लोटिंग-पॉइंट) स्वरूपात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सर्व पूर्ण संख्या अचूक बसतात, आणि त्यापुढे तिच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या ती सीमा ओलांडते आणि विषम आहे, म्हणून ती तिथे अचूक साठवताच येत नाही. साठवली जाते ती १२३४५६७८९८७६५४३२०. एक्सेलने दाखवलेले उत्तर पूर्ण वर्ग नाही, हे तर न गुणताही सांगता येते. शेवटची दोन शून्ये काढली की उरलेली संख्या ३ ने संपते, आणि कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग ३ ने संपत नाही. अशा आकड्यांसाठी कागद, किंवा पायथनसारखी हव्या तितक्या मोठ्या पूर्णांकांवर काम करणारी भाषा वापरावी.

---

निवृत्त_गणितशिक्षक

या संख्येचा इतिहास आपल्या भूमीशी निगडित आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

१, १२१, १२३२१ पासून १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंतच्या संख्यांना गणिताच्या जगात ‘वंडरफुल डेम्लो’ संख्या म्हणतात. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. ते १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. आजची डोंबिवली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेवरचे तेव्हाचे ‘डेम्लो’ स्थानक, इथे या संख्यांचा विचार त्यांना सुचला, म्हणून त्यांनी त्या स्थानकाचे नाव संख्यांना दिले. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की शेवटी येणाऱ्या संख्येची) कीर्ती जगभर झाली, मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्या कामाबद्दल लिहिले, तेव्हा कुठे अनेकांचे लक्ष तिकडे गेले. माझ्या मते डेम्लो संख्यांचे काम ६१७४ पेक्षा अधिक अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात आकड्यांच्या गमतीपलीकडे स्थानमूल्याची खरी समज लपलेली आहे.

डेम्लो संख्येची व्याख्या केवळ चढउतारापुरती नाही. संख्येचे तीन भाग करायचे; मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा यावा, आणि पहिला व शेवटचा भाग यांची बेरीज केली असता तोच अंक पुनःपुन्हा मिळावा. उदाहरणार्थ २५५३ मध्ये मधला भाग ५५ आणि २ + ३ = ५. आता आपली संख्या घ्या: पहिला भाग १२३४५६७८, मध्ये ९, शेवटचा भाग ८७६५४३२१.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठ एकांच्या वर्गातही १२३४५६७ + ७६५४३२१ = ८८८८८८८ असे येते. चढ आणि उतार एकमेकांवर ठेवले की प्रत्येक घरात बेरीज सारखीच होते, हे यामागचे कारण.

याही मागे जायचे असेल तर नवव्या शतकापर्यंत जाता येते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात गुणाकाराची अशी उदाहरणे दिली आहेत, ज्यांची उत्तरे दोन्ही बाजूंनी सारखी वाचली जातात. त्यांतले एक असे: २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. हा सहा एकांचा वर्ग आहे. मात्र आचार्यांनी तो वर्ग म्हणून न देता गुणाकार म्हणून दिला. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. विद्यार्थ्याने रुक्ष आकडे गुणत जावे आणि शेवटी हे सुंदर उत्तर त्याच्यासमोर उभे राहावे, अशी ती योजना आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या शिक्षकाची ही दृष्टी मला अतिशय आदरणीय वाटते.

‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने दिली आहेत, त्यांपैकी सतरावे स्थान ‘मध्य’ हे आहे. आपल्या संख्येचा पहिला अंक त्याच स्थानावर आहे.

---

उतरंड

हातचा आणि निवृत्त_गणितशिक्षक, आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्तंभांच्या उंचीचे स्पष्टीकरण इतके थेट आहे की दहाव्या पायरीवरचा बदल आता स्वाभाविक वाटतो. दुसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध मात्र अजून मोकळा आहे. दहा एकांच्या वर्गात चढउताराचा क्रम राहत नाही हे खरे. पण अकरा, बारा एकांनाही लागू पडेल असा, हातच्यांमुळे न बिघडणारा एखादा नियम आहे का?

---

शेषफल

आहे, आणि तो कापरेकरांच्याच दुसऱ्या एका कल्पनेला जाऊन मिळतो.

सरांनी सांगितलेल्या तीन भागांऐवजी दोन भाग करू. जितके एक घेतले असतील, तितके अंक उजवीकडून मोजून तोडायचे आणि दोन्ही भागांची बेरीज करायची.

१२१ : १ + २१ = २२
१२३२१ : १२ + ३२१ = ३३३
१२३४३२१ : १२३ + ४३२१ = ४४४४
१२३४५६७८९८७६५४३२१ : १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

दोन एकांना दोन वेळा २, तीन एकांना तीन वेळा ३, नऊ एकांना नऊ वेळा ९. आता दहा एकांचा वर्ग घ्या, ज्यात क्रम मोडला असे आपण म्हणत होतो.

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

उत्तर दहा वेळा १. म्हणजे दहा एकांच्या संख्येचा वर्ग करून, तो तोडून, भागांची बेरीज केली की तीच संख्या परत मिळाली. ज्या संख्येच्या बाबतीत असे घडते तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, किंवा २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७, ही तिची परिचित उदाहरणे. डेम्लोचा क्रम जिथे मोडतो, नेमक्या त्याच पायरीवर कापरेकर संख्या उभी राहते. हे पाहून मला विलक्षण आनंद होतो, आणि त्याची सिद्धता शाळेतल्या भागाकाराइतकीच सोपी आहे.

‘न’ इतक्या एकांच्या संख्येला ‘ए’ म्हणू. तिच्या नऊपट म्हणजे न वेळा ९. वर्गाचा डावा भाग ‘डा’ आणि उजवा भाग ‘उ’ असेल, तर उजवीकडून न अंक तोडलेले असल्यामुळे वर्ग हा डा × (एकावर न शून्ये) + उ इतका असतो. एकावर न शून्ये ही संख्या न वेळा ९ पेक्षा फक्त एकाने मोठी आहे. म्हणून वर्गातून न वेळा ९, म्हणजे ९ए, याची डा पट वजा केली की नेमके डा + उ उरतात. थोडक्यात, वर्गाला ९ए ने भागले असता जी बाकी येते, तीच डा + उ ला भागल्यावरही येते.

आता वर्गाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. ए मधील अंकांची बेरीज न आहे, म्हणून ए ला ९ ने भागले तर न ला ९ ने भागल्यावर येते तीच बाकी येते. ती बाकी ‘र’ मानू; बाकी शून्य आली तर र = ९ घेऊ. मग ए ही ९ ची काही पट अधिक र अशी लिहिता येते, आणि दोन्ही बाजू ए ने गुणल्या की ए चा वर्ग हा ९ए ची काही पट अधिक र × ए असा होतो. म्हणजे डा + उ आणि र × ए यांच्यात ९ए च्या पटींइतकाच फरक असू शकतो.

राहिला आकारमानाचा प्रश्न. उ मध्ये जास्तीत जास्त न अंक असतात, म्हणून तो ९ए पेक्षा मोठा नसतो. डा हा ए च्या एकनवमांशाहून कमी असतो. त्यामुळे डा + उ हे १०ए पर्यंत पोहोचूच शकत नाहीत. र × ए मध्ये आणखी ९ए मिळवले तर बेरीज किमान १०ए होईल, ते शक्य नाही. ९ए वजा केले तर बेरीज शून्य किंवा ऋण होईल, तेही शक्य नाही. म्हणून डा + उ = र × ए, म्हणजे न वेळा लिहिलेला र.

या सिद्धतेत हातच्याचा उल्लेखही आलेला नाही, म्हणून हातचे कितीही आले तरी नियम अबाधित राहतो. न = १० असेल तेव्हा ९ ने भागल्यावर बाकी १ येते, आणि म्हणून दहा एकांची संख्या कापरेकर संख्या ठरते. हीच गोष्ट १९, २८, ३७ एकांच्या संख्यांनाही लागू आहे.

---

उतरंड

अकरा एकांवर हा नियम लगेच तपासला. वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ असा येतो. उजवीकडचे अकरा अंक २०९८७६५४३२१, डावीकडे उरतात १२३४५६७९०१, आणि बेरीज २२२२२२२२२२२ म्हणजे अकरा वेळा २. अकराला नऊने भागून बाकी दोन, हे अगदी जुळले. हातचा यांच्या पद्धतीप्रमाणे अंकांची बेरीज ८५ येते, १२१ पेक्षा ३६ ने कमी, म्हणजे चार हातचे. तेही कागदावर मोजून पाहिले.

आता फक्त सुरुवातीच्या सतरा अंकी संख्येच्या अवयवांबद्दल कोणी लिहावे, ही विनंती.

---

अवयव

१११११११११ चे मूळ अवयव काढताना थेट भागाकाराला भिडण्याआधी तिची रचना पाहावी. नऊ एक हे तीन-तीनचे तीन गट आहेत, म्हणून ती संख्या १११ × १००१००१ अशी फुटते. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. तेव्हा नऊ एकांची संख्या ३ × ३ × ३७ × ३३३६६७ इतकी, आणि आपल्या सतरा अंकी संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा व ३३३६६७ दोन वेळा येतो. यावरून तिच्या विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ मिळते; पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, त्याला हे धरून आहे.

३३३६६७ हा अवयव विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १ ला ३३३६६७ ने भागले असता ०.०००००२९९७ ०००००२९९७… असा नऊ अंकांचा आवर्ती दशांश मिळतो, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. ज्या मूळ संख्येच्या व्यस्ताची आवर्ती नऊ अंकांची आहे, अशी ही एकमेव मूळ संख्या आहे. ३७ ची आवर्ती तीनच अंकांची असते.

३७ × ३३३६६७ केले तर १२३४५६७९ ही आठ नसलेली प्रसिद्ध संख्या मिळते, जिची नऊपट म्हणजे नऊ एक. म्हणून आपली संख्या ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९ अशीही लिहिता येते. १ भागिले ८१ चा दशांश ०.०१२३४५६७९ ०१२३४५६७९… असा येतो. तिथे आठ गळण्याचे कारण हातचा यांनी वर सांगितले तेच आहे, दहा आणि नऊ यांच्या घरांतून डावीकडे आलेला हातचा. उलट, आपल्या संख्येलाच ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ मिळतो, आणि ९९९९९९९९८ + ०००००००१ = ९९९९९९९९९. नऊ वेळा ९ लिहून होणारी संख्याही अशा प्रकारे कापरेकर संख्या आहे.

शेषफल यांनी दिलेल्या १०, १९, २८, ३७ या यादीला एक जोड द्यावीशी वाटते. फक्त एकांनी बनलेल्या संख्यांमध्ये मूळ संख्या फार विरळ असतात: दोन एकांची ११, त्यानंतर एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, आणि त्यानंतर थेट तीनशे सतरा एकांची. लांबी, म्हणजे एक किती आहेत तो आकडा, स्वतः मूळ असल्याशिवाय हे घडू शकत नाही, कारण नऊ एक जसे तीन-तीनच्या गटांत फुटले, तशी प्रत्येक संयुक्त लांबी फुटते. त्यामुळे १० आणि २८ या लांबी तिथेच बाद होतात. ३७ ही लांबी मूळ असूनही त्या एकांची संख्या मूळ नाही. १९ मात्र दोन्ही याद्यांत आहे, म्हणजे ११११११११११११११११११११ वरून एक अंक कमी केल्यावर उरणारी, १११११११११११११११११११ ही एकोणीस अंकी संख्या मूळही आहे आणि कापरेकर संख्याही.